ओळखीची मोजणी

यंदाच्या लग्नसराईत एका मांडवात पंगत बसायला उशीर झाला आणि त्या उशिरात एक वाद पेटला. एका बाजूला निवृत्त मुख्याध्यापक. पंचक्रोशीत त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषदेची तयारी करणारा त्यांचाच जुना विद्यार्थी, पांढराशुभ्र शर्ट, हातात दोन फोन. गुरुजी म्हणाले, "आमच्या वेळी माणूस पाच गावांतली माणसंच काय, त्यांचे बैलसुद्धा ओळखायचा. तुम्हाला शेजारच्या घरात कोण गेलं ते स्टेटसवरून कळतं." पोरगा हसत म्हणाला, "गुरुजी, फेसबुकला पाच हजार फुल झालेत, पुढचे वेटिंगला आहेत. तुमचे किती होते सांगा की." गुरुजींनी विचारलं, "त्या पाच हजारांत माणसं किती?" मांडव हसला, तेवढ्यात पत्रावळ्या आल्या आणि वाद तिथंच राहिला.

हाच वाद मी गेली काही वर्षं ऐकतो आहे. रविवारच्या पुरवण्यांत तो 'नाती आटली' या नावानं येतो, करिअरच्या व्याख्यानांत 'नेटवर्क वाढवा' या नावानं. दोन्हीकडून तो वाईट घातला जातो, कारण भांडणाऱ्यांचं एका गोष्टीवर न बोलताच एकमत झालेलं असतं. ओळख म्हणजे धान्याची रास, आणि ज्याची रास मोठी तो मोठा. भांडण फक्त मापाचं. माझं म्हणणं असं की एखादा माणूस किती जणांना ओळखतो हे मोजता येतं आणि मोजायलाही हवं. पण नुसत्या बेरजेला फारशी किंमत नाही. ज्यानं शेताची मोजणी आणली आहे त्याला विचारा. एकूण क्षेत्र सातबाऱ्यावर आधीच लिहिलेलं असतं. पैसे भरून, हेलपाटे घालून मोजणी आणायची ती बांधासाठी. ओळखीतही मोजायचा तो बांध: माणसाची ओळख कुठवर जाते, कोणत्या गल्लीपाशी थांबते, आणि तिथंच का थांबते.

आधी बेरजेचंच पाहू. या प्रश्नामागं शहाणी माणसं सत्तर वर्षांपासून लागली आहेत. अमेरिकेत इथिएल डी सोला पूल आणि मॅनफ्रेड कोकेन या दोघांनी १९५० च्या दशकात याचं गणित मांडायला घेतलं. तो निबंध छापून आला थेट १९७८ साली. मधल्या काळात काही जणांना १०० दिवस वही ठेवायला लावली, रोज कोण कोण भेटलं ते लिहा म्हणून. माणसागणिक आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक निघाला. पुढं दोन संशोधकांनी टेलिफोन डिरेक्टरीतून आडनावं उचलली, या आडनावाचं कोणी तुम्हाला माहीत आहे का असं विचारत गेले, आणि उत्तर आलं साडेपाच हजारांच्या आसपास. दुसऱ्या पद्धतीनं, दुसऱ्या व्याख्येनं मोजलं तर सरासरी २९० आली. २०१० साली छापलेल्या एका अभ्यासात तीच अमेरिकी माणसं सरासरी ६११ जणांना ओळखत होती. आणि ज्या १५० चा उल्लेख प्रत्येक व्याख्यानात होतो, तो रॉबिन डनबार यांचा आकडा तर माणसं मोजून आलेलाच नाही. माकड-वानरांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या टोळीचा आकार यांचं प्रमाण काढून त्यांनी १९९२ साली ते माणसाला लावलं. २०२१ साली स्वीडनच्या संशोधकांनी तेच गणित नव्या पद्धतींनी करून पाहिलं, तर एका पद्धतीत खात्रीची पट्टी, म्हणजे खरा आकडा ज्या हद्दीत असावा ती, ४ पासून ५२० पर्यंत पसरली. चार ते पाचशे वीस! एवढ्या ढिल्या पट्टीनं आमच्याकडं कोणी शेळी विकत घेणार नाही.

म्हणजे हे सगळे आकडे खोटे का? नाही. कोणी 'ओळख' या शब्दात वेगळं काही भरलं होतं, तर कोणी हिशेबाची रीत वेगळी धरली होती. ६११ वाल्या अभ्यासात ओळखीची अट अशी होती: तुम्ही त्या माणसाला चेहऱ्यानं किंवा नावानं ओळखता, तोही तुम्हाला ओळखतो, ठरवलं तर तुम्ही त्याला गाठू शकता, आणि गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष, फोननं किंवा पत्रानं तुमचा संपर्क झाला आहे. ही अट गुरुजींना लावा. त्यांचे किती बैल गळतील? पोराला लावा. त्याच्या पाच हजारांतले किती जण त्याला रस्त्यात पाहून थांबतील? मराठीला हा भेद कोणी शिकवायची गरज नाही. 'ओळख असणं' वेगळं आणि 'ओळख देणं' वेगळं, हे आपण रोज बोलतो. साहेब झाल्यावर ओळख देत नाही, असं म्हणतो तेव्हा आपण हीच अट लावलेली असते.

आता यावरचा पहिला आक्षेप, आणि तो मला अगदी मान्य आहे. नाती मोजायची नसतात. मोजायला लागलं की ती नाती राहत नाहीत. अडीअडचणीला कोण धावून आलं याचा हिशेब ठेवणाऱ्याकडं पुढच्या वेळी कोणी धावत नाही. पण मग आपल्या कपाटातली आहेराची वही काय आहे? मांडवाच्या दाराशी टेबल टाकून, दोन भरवशाची माणसं बसवून लिहिलेली: नाव, गाव, रक्कम, टॉवेल-टोपी की साडी-पोलकं. पुढं त्यांच्याकडं कार्य निघालं की तीच वही काढून बघायची. पत्रिका वाटण्याआधी घरातली म्हातारी माणसं बसून भावकी किती, सोयरे किती, गावकी किती, दुकानदार आणि अडत्याकडचे किती, अशी यादी लावतात, ती काय आहे? अमेरिकेत १९६१ साली ज्या १०० दिवसांच्या वहीवर प्रबंध झाला, तसली वही आपल्या आज्या ट्रंकेत ठेवून गेल्या. मोजणं आपल्याला परकं नव्हतं. परकं आहे ते मोजलेलं दुसऱ्याला दाखवणं.

दुसरा आक्षेप जास्त भक्कम आहे. माणसाला आठवत नाही. रसेल बर्नार्ड हे मानववंशशास्त्रज्ञ आणि पीटर किलवर्थ हे, गंमत म्हणजे, समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. या जोडीनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट तपासली. तुम्ही कोणाशी बोललात हे तुम्ही सांगता, आणि प्रत्यक्षात कोणाशी बोललात, यांचा मेळ बसतो का? १९८४ साली त्यांनी लिहिलं की लोक जे सांगतात त्यातलं सुमारे निम्मं या ना त्या प्रकारे चुकीचं असतं. निम्मं! आणि चूक फक्त सांगणाऱ्याची नसते. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात १९८५ साली लोकांनी मनातलं बोलायला सरासरी तीन माणसं सांगितली होती, २००४ साली दोन. 'कोणीच नाही' म्हणणारे दहातल्या एकावरून चौघांतल्या एकावर गेले. जगभर बातम्या झाल्या की माणूस एकटा पडला. पुढं इतर संशोधकांनी खोदलं तेव्हा दिसलं की मुलाखती घेणाऱ्यांपैकी काही जणांकडंच 'कोणीच नाही'ची उत्तरं ढिगानं आली होती. नाव सांगितलं की त्या नावाबद्दल पुढचे दहा प्रश्न विचारावे लागत. शून्य लिहिलं की काम आटपे. सरकारी कागद भरलेल्या प्रत्येक मराठी माणसाला याचा शब्द तोंडपाठ आहे: निरंक.

इतकं मान्य केल्यावर मोजणीच्या बाजूनं काय उरतं? उरतं ते महत्त्वाचं आहे, आणि ते एका भूकंपातून आलं. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटी हादरली. मेलेल्यांचा आकडा कोणी काही सांगे, कोणी काही, आणि सरकारी आकड्यावर लोकांचा विश्वास नव्हता. तेव्हा याच बर्नार्ड-किलवर्थ मंडळींनी उलटा प्रश्न विचारला. किती मेले, हे विचारायचं नाही. तुमच्या ओळखीतलं कोणी गेलं का, एवढंच जिवंत माणसांना विचारायचं. यामागचं गणित बाजारातल्या माणसालाही समजेल इतकं साधं आहे. समजा, एका तालुक्यात ३ लाख लोक आणि १,५०० शिक्षक आहेत. त्यातले ६ शिक्षक तुमच्या ओळखीचे. म्हणजे दर २५० शिक्षकांत एक तुमचा. मग ३ लाखांतही दर २५० त एक तुमचा असं धरलं, तर तुमची ओळख झाली १,२०० जणांची. शिक्षकांबरोबर पोस्टमन, जुळ्या मुलांच्या आया, अमुक नावाची माणसं असे वीस-पंचवीस प्रश्न विचारले की अंदाज पक्का होत जातो. आणि एकदा तो हाताशी आला की तेच गणित उलटं फिरवायचं. १०० जणांची मिळून ओळख ६० हजार, त्यात भूकंपात गेलेले १२. म्हणजे पाच हजारांत एक. ५० लाखांच्या शहरात हजार. ज्यांना कोणी मोजू शकत नाही, त्यांना ओळखणाऱ्यांकडून मोजायचं. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविरोधी कार्यक्रमानं पुढं हीच पद्धत लपूनछपून जगणाऱ्या गटांसाठी सुचवली.

मेक्सिको म्हटलं की आमच्याकडचा माणूस किल्लारी म्हणणारच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी, आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मेलेल्यांचे आकडे आजही आठ ते दहा हजारांच्या दरम्यान वेगवेगळे छापले जातात. पण मला इथं दुसरी मोजणी आठवते. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. जमिनीप्रमाणे घराचं माप ठरलं: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. अनेक ठिकाणी एका मापाची घरं एका ओळीत आली, रस्ते सरळ झाले, आणि जुन्या गल्लीबोळांतला शेजार विस्कटला. भिंती मोजल्या, पत्रे मोजले, माणसामागं चौरस फूट मोजले. ज्या बाईला पीठ मागायला जायचं दारच सापडेना, ती कोणत्या रकान्यात बसली? ओळख मोजणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. जे मोजलं जात नाही त्याची भरपाई मिळत नाही.

या पद्धतीची गंमत तिच्या चुकांत आहे, आणि माझा मुख्य मुद्दा तिथंच येतो. ती दोन ठिकाणी अडते. एक, ओळख सगळीकडं सारखी पसरलेली नसते. शिक्षक शिक्षकांना जास्त ओळखतो, तेव्हा त्याच्याकडून आलेला आकडा फुगतो. दोन, ओळखीतल्या माणसाची एखादी गोष्ट आपल्याला माहीतच नसते. गणितज्ञांच्या दृष्टीनं ही विघ्नं आहेत, ती वजा करायची. माझ्या दृष्टीनं हाच खरा माल आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण घ्या. २०१९ साली ते गाजलं, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि शहरातली माणसं म्हणाली, असं काही चाललंय हे कळलंच नाही. कोणाला कळलं नाही? वस्तीवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कोणाची 'पिशवी काढली', कोणत्या वर्षी, किती उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, त्यात गेली, सगळं. त्याच जिल्ह्यातल्या शहरांत राहणारे आम्ही, त्याच बाजारात भाजी घेणारे, आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या बायका आमच्या 'ओळखी'च्या होत्या. आमच्या घरी धुणं-भांडी करणारीही कोणी त्यांतली असेल. मग ही कसली ओळख? एकूण बेरजेत ती धरली जाईल. बांध मात्र तिच्या अलीकडून गेलेला असेल.

याची सगळ्यात सुंदर तपासणी झाली ती रवांडात, २०११ साली. तिथल्या सर्वेक्षणात निम्म्या लोकांना ओळखीची नेहमीची व्याख्या दिली आणि निम्म्यांना दुसरीच: गेल्या वर्षभरात ज्यांच्याबरोबर तुम्ही जेवलात किंवा काही प्यायलात ती माणसं. ओळख लहान झाली, पण घट्ट झाली. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा हसलो आणि मग गप्प झालो. ही व्याख्या मराठवाड्यात लावा. पंगत! आमच्याकडं ओळख मोजायचं सगळ्यात जुनं माप हेच, आणि सगळ्यात क्रूरही हेच. पैठणच्या एकनाथांच्या ज्या कथा साडेचारशे वर्षं सांगितल्या जातात, त्यांत सगळ्यात जास्त कोणत्या सांगितल्या जातात? श्राद्धाचं अन्न भुकेल्या महारांना वाढल्याची, त्यांच्या घरी जाऊन जेवल्याची. त्या काळी नाथांना गावकुसाबाहेरची माणसं ओळखीची नव्हती का? सगळ्यांनाच होती. नवल ओळखीचं नव्हतं, ताटाचं होतं. आज एखाद्या गावात नेहमीच्या व्याख्येनं मोजलं तर प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो असंच उत्तर येईल. 'वर्षभरात एकत्र जेवलात का' असं विचारलं तर गावाचा नकाशा कागदावर आपोआप उमटेल, गल्लीनिहाय.

म्हणून गुरुजींचा मुद्दा. त्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं असं की जुनी ओळख खोल होती. माणूस एकटा ओळखीचा नसायचा; त्याचा बाप, त्याची जमीन, त्याच्या बहिणी कुठं दिल्या, हे सगळं मिळून तो ओळखीचा असायचा. हे खरं आहे आणि यातलं बरंच गेलं, तेही खरं. अडल्यानडल्याला जामीन राहणारी माणसं याच ओळखीतून मिळत. पण ती खोली कोणाच्या बाजूची होती? पाटलाला प्रत्येक बलुतेदाराचं घर माहीत होतं. बलुतेदाराला पाटलाच्या घरातलं किती माहीत असू दिलं जायचं? एक जण दुसऱ्याबद्दल सगळं जाणतो आणि दुसऱ्यानं नजर वर करून बघायचं नाही, याला मी ओळख म्हणायला तयार नाही. त्याला नोंद म्हणा. शिवाय जुन्या काळात फक्त जवळचीच ओळख होती, हेही खरं नाही. नरसीचे नामदेव घ्या, ज्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. गंगाखेडची जनाबाई, तेरचे गोरोबा, औंढ्याचे विसोबा खेचर, अरणचे सावता माळी, मंगळवेढ्याचे चोखोबा. शिंपी, दासी, कुंभार, ब्राह्मण, माळी, महार. या माणसांची गावं वेगळी, कामं वेगळी, पंगती तर वेगळ्याच. बेरीज केली तर हातांच्या बोटांवर मावतील एवढीच नावं. पण त्या प्रत्येक नावापाशी एकेक बांध ओलांडलेला आहे. गुरुजी, तुमच्या पाच गावांतल्या सगळ्या बैलांपेक्षा ही सहा नावं जड आहेत.

पोराचाही मुद्दा हलका नाही. त्याचं म्हणणं, दूरची ओळखच कामाला येते. मार्क ग्रॅनोवेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली हेच दाखवलं. बोस्टनजवळ ज्यांनी ओळखीतून नोकरी मिळवली होती, त्यांना त्यानं विचारलं की ज्यानं खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले सहातले एकच. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण उघड आहे. माझ्या भावकीला जे माहीत आहे ते मलाही माहीत असतं. नवी खबर येते ती वेगळ्या वर्तुळातल्या माणसाकडून. चाकणच्या कारखान्यात गेलेली आमच्याकडची पोरं, पुण्याच्या अभ्यासिकेत खोली धरून बसलेल्या पोरी, यांना विचारा. पहिली खोली, पहिलं काम कोणी सांगितलं? सख्ख्या चुलत्यानं क्वचितच. 'मित्राच्या गावचा एक जण होता', असंच उत्तर येतं. तेव्हा फोनमधल्या ओळखींना हसणाऱ्यांनी जरा सबुरी धरावी. पण याच पोराच्या पाच हजारांची यादी उघडून बघा. एकाच पक्षाचे, एकाच वयाचे, बहुतेक एकाच जातीचे, आणि जवळजवळ सगळे पुरुष. पाच हजार दारं, आणि सगळी एकाच वाड्यात उघडणारी. ग्रॅनोवेटरचा मुद्दा त्याच्या तोंडी आहे, त्याच्या फोनमध्ये नाही.

आणि आता तो माणूस, ज्याच्यामुळं मी हे सगळं लिहायला बसलो. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दहा-वीस कोयत्यांचा एक मुकादम. कारखान्याशी करार मुकादमाचा, उचल मुकादमाच्या हातून, आजारपणात दवाखान्यात फोन मुकादमाचा, पोलीस ठाण्यात शब्द मुकादमाचा. टोळीतल्या एका पोराला मी विचारलं होतं, कारखान्याच्या ऑफिसात कोणाला ओळखतोस? तो म्हणाला, "मुकादम वळखतो की समद्यांला." त्याच्या फोनमध्ये सव्वातीनशे नंबर होते. गणिती पद्धतीनं मोजलं तर त्याची ओळख माझ्यापेक्षा फार कमी निघाली नसती. वर्षातले पाच-सहा महिने तो परक्या जिल्ह्यात राहतो, वेगवेगळ्या फडांवर वेगवेगळ्या गावांची माणसं भेटतात. माणसं ओळखण्यात तो गरीब नाही. पण ऑफिस, दवाखाना, बँक, तहसील यांच्याकडं जाणारी त्याची प्रत्येक वाट एकाच माणसाच्या अंगणातून जाते. तो माणूस चांगला असला तर बरं चालतं. नसला तर? ज्याच्या सगळ्या ओळखी एकाच्या मार्फत, त्याला ओळखी आहेत असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि ज्याच्यामुळं शेकडो माणसांना दुसरी वाटच नाही, त्याच्या ताकदीचं मूळ पैशात शोधायचं की या रिकाम्या जागेत? माझं उत्तर असं की उचल ही साखळीची एक कडी आहे. दुसरी कडी म्हणजे ओळखीची ही नाकेबंदी, आणि तिच्यावर कोणतंही मंडळ, कोणतीही योजना बोट ठेवत नाही.

शेवटचा आक्षेप भीतीचा आहे. हे मोजमाप उद्या कोणाच्या हाती जाईल? जे मतं मोजतात त्यांच्याच ना? भीती खरी आहे, पण उशिरा आलेली आहे. मतदार यादीच्या पानापानाला माणूस नेमून, कोणाच्या घरात किती मतं आणि कोणाच्या शब्दात किती घरं, हे कधीच मोजून झालंय. फोन कंपनीला तुम्ही कोणाला ओळखता ते तुमच्या बायकोपेक्षा जास्त माहीत आहे. मोजणी होतेच आहे. ती फक्त आपल्याकडं नाही. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणाऱ्या मलिक अंबरची आठवण आमच्याकडं नहरींइतकीच त्याच्या जमीनमहसुलाच्या व्यवस्थेसाठीही काढली जाते. जोवर जमिनीची नोंद वतनदाराच्या तोंडी असते तोवर जमीन त्याच्या शब्दावर चालते. हे ओळखीलाही लागू आहे, आणि म्हणून ती उघड, सार्वजनिक पद्धतीनं, नावं न घेता मोजावी असं मला वाटतं. देशात याचा एक प्रयत्न झालेला आहे. एनसीएईआर ही दिल्लीची आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ आणि २०११-१२ साली चाळीस हजारांहून जास्त कुटुंबांना विचारलं की तुमच्या ओळखीत डॉक्टर-नर्स कोणी आहे का, शिक्षक आहे का, सरकारी नोकरीत कोणी आहे का. दुसऱ्या वेळी आपल्या जातीतलं कोण आणि जातीबाहेरचं कोण, हेही विचारलं. किती ओळखता, हा प्रश्नच नाही. प्रश्न दारांचा. हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतील, शाळेच्या पोरांना गावात फिरवून विचारता येतील. त्यात मी आपल्याकडचे दोन-चार घालीन: दुसऱ्या आळीतल्या कोणाकडं वर्षभरात जेवलात? तलाठ्याकडं कोणाला मध्ये न घालता गेलात का? नवऱ्याच्या ओळखीबाहेरची तुमची स्वतःची अशी ओळख किती? हा शेवटचा प्रश्न बायकांना विचारायचा, आणि नवरा घरी नसताना. निरंक येतील. पुष्कळ येतील. तेवढे निरंक गावाच्या नकाशावर रंगवून चावडीवर लावले तरी मला पुरे आहे.

त्या लग्नात पंगत उठल्यावर मी हा प्रयोग थोडक्यात करून पाहिला. सकाळपासून मांडवाच्या तोंडाशी एक जण हलगी वाजवत होता. नवरदेव उतरवून घेताना, सीमांतपूजनाला, वरातीला, तोच. मी गुरुजींना विचारलं, याचं नाव काय हो? गुरुजींनी जरा आठवून त्याच्या बापाचं नाव सांगितलं, आजोबांचंही सांगितलं; त्याचं स्वतःचं आठवेना. पोरगा म्हणाला, "थांबा, माझ्याकडं नंबर आहे," आणि फोन पुढं केला. नंबर 'हलगी २' या नावानं होता. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं त्याच्या बापाचं नाव नव्हतं आणि त्याचा नंबरही नव्हता.